खड्ड्याचा ग्रुप

आमच्या ग्रुपचं कागदावरचं नाव 'रुद्रभूमी सेवा'. पण गावात कुणालाही विचारा, खड्ड्याचा ग्रुप म्हणूनच सांगतील. आणि तेच खरं आहे. आमच्या समाजात मयताला जाळत नाहीत, रुद्रभूमीत बसवून पुरतात. त्याला खड्डा लागतो. वर दीडदोन फूट काळी माती आणि खाली सगळा मुरूम, त्यामुळं ते एकट्यादुकट्याचं काम नाही. म्हणून वाडवडिलांपासून रीत अशी की मयत कुणाच्याही घरचं असो, प्रत्येक घरानं एक माणूस आणि एक कुदळ धाडायची.

पूर्वी दवंडी होती. मग कोरोनाच्या वर्षात एकत्र जमायची चोरी झाली, तेव्हा आमच्या हणमंतप्पा काकांनी मोबाइलवर हा ग्रुप काढला. नियम एकच: कुणी लिंगैक्य झालं, म्हणजे वारलं, तर नाव आणि वेळ टाकायची. बाकी तोंडाला कुलूप. पुढं हणमंतप्पा काका गेले, त्यांचा निरोपही ह्याच ग्रुपवर पडला आणि अ‍ॅडमिनगिरी माझ्या गळ्यात आली. कारण खड्ड्याचं माप आमच्या घराकडं आहे. मयताच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरायची, तेवढी कापायची, आणि त्या सुतळीनं लांबीला नऊ, रुंदीला पाच पावलं मोजून रेघ मारायची. आजोबा मोजायचे, बाबा मोजायचे, आता मी.

मी राजशेखर. तामलवाडीच्या फाट्यावर पाइप आणि ठिबकच्या सामानाचं माझं दुकान आहे. गाव तिथून चार किलोमीटर आत.

तर एकशे त्रेचाळीस माणसांच्या त्या ग्रुपवर आधी एकानं शुभ सकाळ टाकलं. मी म्हणलं, जाऊ द्या, सकाळ काय कुणाच्या बापाची नाही. मग दुसऱ्यानं टॉवरनं चिमण्या मरतात म्हणून व्हिडिओ टाकला. तिसऱ्यानं लिहिलं, पुरावा द्या. झालं. ज्या दिवशी खड्ड्याच्या ग्रुपवर पुरावा मागितला गेला त्या दिवशी ग्रुप बुडाला. पुढची दोन वर्षं तिथं मतदान यंत्र झालं, लढाई झाली, रुपया पडला, क्रिकेटची टीम निवडली गेली. पुण्यातनं, हैदराबादेतनं, दुबईतनं आमचीच पोरं एकमेकांची अक्कल काढत होती. निम्म्या लोकांनी ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला. त्यांचंही काही चुकलं नाही.

आता खोटं कशाला बोला, मी काही बाजूला बसून टाळ वाजवत नव्हतो. मी चांगला भांडतो. गिऱ्हाईक समोर पाइप धरून उभं असायचं आणि मी एका हातानं टेप धरून दुसऱ्या हातानं टाइप करायचो. बायको, महेश्वरी, एकदा दुकानात डबा घेऊन आली आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "ओ, त्यांना एल्बो द्या आधी. अमेरिकेचं तुमी संध्याकाळी बघा."

आणि समोरच्या बाजूला कायम वीरभद्र. हायस्कूलला सायन्स शिकवून रिटायर झालेला, माझ्याच वयाचा, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहणारा. आम्ही एका पाटीवर शिकलो, एका विहिरीत पोहलो. माझी आई लई वर्षं आजारी होती, तेव्हा त्याची आई, मल्लम्मा अव्वा, मला दोन्ही वेळ जेवू घालायची. मी दारात दिसलो की "ऊटा आयता?" म्हणून विचारायची, जेवलास का म्हणून, आणि उत्तर न ऐकता ताट वाढायची. माझ्या बासष्टाव्या वर्षीही विचारायची. दुकान बंद करून घरी जाताना तिच्या ओसरीवर दहा मिनिटं टेकल्याशिवाय मला चैन पडत नसे.

अव्वा चौऱ्याऐंशीची. तिचं पाऊल मोठं, पुरुषासारखं, आणि तिला त्याची भारी गंमत वाटायची. "माझं पाऊल म्हशीचं हाय राजा," म्हणायची. "नऊ पावलं म्हंजी केवढा खड्डा हुईल बघ. सहा-सात माणसांत भागायचं न्हाय. आख्खं गाव बोलव. आणि दोरी तूच काप. वीरूला गाठ मारता येत न्हाय." मी म्हणायचो, व्हय अव्वा, कापतो, आणि माणसं पन्नास आणतो. वीरभद्र आतनं ओरडायचा, मरणाच्या गोष्टी बंद करा म्हणून.

मार्चमध्ये गावात स्मार्ट मीटर आलं. वीरभद्रनं ग्रुपवर लिहिलं, चांगली गोष्ट आहे, अचूक असतं. मी लिहिलं, जोरात पळतं. तो म्हणाला, पुरावा. मी म्हणालो, माझं बिल. मग त्यानं एआयला विचारून भलं मोठं उत्तर चिकटवलं की मीटर जोरात पळत नाही. मीही त्याच एआयला विचारलं, फक्त जरा माझ्या अंगानं, तर त्यानं मला लिहून दिलं की लोकांच्या शंकेत तथ्य असू शकतं. मी ते चिकटवलं. तीन दिवस आम्ही दोघं एकाच मशीनला दोन्हीकडनं साक्षीला उभं करत होतो. त्या मशीनचं काय जातंय, त्याला कुठं गावात तोंड दाखवायचंय.

चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं, "मागच्या मयताला सहा माणसं आली होती. इथं रोज सत्तर जण भांडतात आणि कुदळ धरायला सहा. यापुढं खड्डा सरळ जेसीबीनं काढावा."

बोलणं खरं होतं. म्हणूनच मला झोंबलं. दुकानात गर्दी होती, डोकं तापलेलं होतं, आणि मी लिहिलं, "ज्याला जन्मदात्या आईचा खड्डासुद्धा मशीननं उकरायचा आहे, त्यानं आईला आत्ताच तसं सांगून ठेवावं."

सत्तावीस जणांनी हसरी तोंडं टाकली. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. सत्तावीस म्हणजे काही कमी नव्हे.

वीरभद्रनं एवढंच लिहिलं, "आईवर जायचं काम नाही, राजा."

मला तो 'राजा' नको होता. सगळ्या ग्रुपसमोर मला लहान केल्यासारखं वाटलं. मी त्याला ग्रुपमधनं काढलं. त्याचा नंबर ब्लॉक केला. आणि परत कटकट नको म्हणून असं करून ठेवलं की ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल. अ‍ॅडमिन म्हणजे मी एकटा.

रात्री जेवताना महेश्वरीला सांगितलं. तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली. "वीरूभाऊजींना काढलं? उद्या कुणाच्या घरी काय झालं तर निरोप कुणी टाकायचा?"

"मी आहे की."

"तुमी कुठं असाल कुणाला ठाऊक."

"कुठं जातोय मी, फाट्यावरच मरतोय रोज," मी म्हणालो.

पुढं अकरा दिवस ग्रुप गप्प होता. काय शांतता होती म्हणून सांगू. पण ह्या अकरा दिवसांत मी अव्वाच्या ओसरीवर गेलो नाही. जाणार कसा, तिथं तो बसलेला असणार. पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून घरी जायचो.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, ईटला माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. भूम तालुक्यातलं ते ईट, आमच्यापासनं तीन तासांची वाट. सकाळी सातला मी आणि महेश्वरी गाडी घेऊन निघालो. साखरपुडा झाला, पंगत बसली, माझ्या पानात पहिली पुरणपोळी पडली आणि फोन वाजला. सिद्धाराम होता. आमच्या गावचाच, माझ्या दुकानाशेजारी त्याचं वेल्डिंगचं आहे.

"राजूअण्णा, ग्रुप उघडा."

"कशाला? परत कुणाला भांडायचंय?"

"अण्णा, मल्लम्मा अव्वा गेल्या. सकाळी आठला. वीरभद्र सर तवापासनं तुमाला फोन लावतायत, लागतच न्हाय म्हणं. आमाला वाटलं तुमाला कळलं असंल, ग्रुपवर वेळ टाकताल. सगळी निरोपाची वाट बघतायत."

एक वाजून गेला होता. आठपासून एकपर्यंत पाच तास गाव माझ्या निरोपाची वाट बघत बसलं होतं. गल्लीतल्यांना कळलं होतं, पण वस्तीवरच्यांना, मळ्यातल्यांना, फाट्यावरच्यांना नाही. आणि ज्यांना कळलं तेही म्हणत होते, ग्रुपवर वेळ पडू दे, मग निघू. चार वर्षांत आम्हीच लावलेली सवय ती. पूर्वी कुणी एक पोरगं पळत गेलं असतं तर अर्ध्या तासात शंभर कुदळी निघाल्या असत्या. दिवस मावळायच्या आत माती द्यावी लागते.

मी पानावरनं उठलो. बहिणीच्या व्याह्यांना काय वाटलं असेल ते असो. गाडीत बसता बसता ग्रुप उघडला आणि लिहिलं: मल्लम्मा अव्वा लिंगैक्य. खड्ड्याला ताबडतोब माणसं हवीत. निघा. मग फोन महेश्वरीकडं दिला आणि गाडी सोडली.

"कोण कोण येतंय वाच," मी म्हणालो.

"भावपूर्ण श्रद्धांजली," ती वाचायला लागली. "भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले. हात जोडलेले. फुलं. हात जोडलेले. एकानं पेटती समई टाकलीय, हलणारी."

"अगं येतंय कोण ते वाच."

"तेच शोधतीय. हात जोडलेले. हं, हा पुण्याचा वीरप्पा. ग्रुप इतके दिवस बंद का ठेवला, अ‍ॅडमिननं खुलासा करावा."

"पुढं."

"दुसरा म्हणतोय, खुलासा नंतर, आधी खड्डा. तिसरा, माणसं नसतील तर जेसीबी लावा. चौथा, परंपरा म्हणून काही आहे का नाही. पाचवा, परंपरावाल्यांनी कुदळ घेऊन यावं. चौथा, मी सध्या हैदराबादला आहे."

येडशीच्या अलीकडं ट्रकांची रांग लागलेली होती. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो. उन्हानं स्टिअरिंग धरवत नव्हतं.

"एकानं एआयला विचारून टाकलंय," महेश्वरी म्हणाली, "खड्डा किती मोठा असावा म्हणून. खाली लिहिलंय, स्थानिक जाणकारांचा सल्ला घ्यावा."

स्थानिक जाणकार येडशीच्या अलीकडं ट्रकामागं अडकला होता, आणि गावाचा निरोप कुणी अडकवला तेही त्याला माहीत होतं.

"सिद्धारामला फोन लाव. म्हणावं घरोघर जा."

"लावला. ते आधीच फिरतायत. तुमी बाकीच्यांना लावा म्हणाले. नंबर सांगा."

आणि इथं माझं डोकं जाम झालं. ज्या माणसांशी मी दोन वर्षं रोज भांडलो, त्यातल्या दहा जणांचेही नंबर माझ्याकडं नावानं नव्हते. एकाच्या फोटोवर वाघ, एकाच्या फोटोवर झेंडा, एकाचं नाव 'नाद करायचा नाय'. वाघाचं घर कुठं, ते मला सांगता येईना. तो वाघ आमच्याच गावचा.

मंगळवार म्हणून तुळजापूरला देवीच्या गर्दीत अर्धा तास गेला. तिथं महेश्वरीनं फोन पर्समध्ये टाकला. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "आता मतदान यंत्रावर आलेत."

सव्वापाचला रुद्रभूमीशी गाडी उभी केली. कुंपणाच्या आत पिवळा जेसीबी उभा होता, बंद. त्याचा ड्रायव्हर सावलीत तंबाखू मळत होता. पलीकडं खड्ड्यात तीन माणसं होती: सिद्धाराम, त्याचा भाऊ आणि वीरभद्र. काठावर सात-आठ जण दमून बसलेले. वीरभद्र बनियनवर, तळहातांना टॉवेलच्या चिंध्या गुंडाळलेल्या, त्यातनं रक्त दिसत होतं. खड्डा मांडीएवढा. छातीएवढा लागतो.

"हे मशीन का उभं आहे?" मी विचारलं.

सिद्धाराम कुदळ टेकवून म्हणाला, "म्या आणलं, अण्णा, दुपारी. रस्त्याच्या कामावरनं. सर चालूच करू देत न्हाईत."

वीरभद्रनं माझ्याकडं बघितलं नाही. कुदळ मारत मारतच बोलला. "तूच लिहिलंस ना. सत्तावीस जण हसले त्याला. आता माझ्या आईच्या खड्ड्याला मशीन लावलं तर गाव काय म्हणंल?"

मला वाटलं होतं, दोन वर्षांत मी हजार गोष्टी लिहिल्या असतील, कोण कशाला लक्षात ठेवतोय.

मी वीरभद्रच्या घराकडं गेलो. अव्वाला भिंतीशी बसवलं होतं, कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग. मी खाली बसून तिच्या पावलाला सुतळी लावली. टाचेला भेगा होत्या. अंगठ्यापाशी सुतळी कापली आणि दोन्ही टोकांना गाठ मारली. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

परत येऊन खड्डा मोजला. वीरभद्रनं अंदाजानं रेघ मारली होती. लांबीला आठ पावलं भरली. आईचं पाऊल त्यानं लहान धरलं होतं. त्या कडक मुरमात अजून एक पाऊल वाढवायचं, अजून दोन फूट खाली जायचं, कडेला बसायचा कोनाडा कोरायचा, आणि दिवस मावळायला जेमतेम तासभर.

"वीरू, बाहेर ये," मी म्हणालो. "मशीन लावू."

"लिही मग तसं."

"काय?"

"जिथं ते लिहिलंस तिथं लिही. सगळ्यांसमोर."

मी महेश्वरीकडनं फोन घेतला. मातीच्या हातानं नीट टाइप होईना. लिहिलं: मल्लम्मा अव्वांचा खड्डा मशीननं काढा असं मी, राजशेखर, सांगतोय. वीरभद्र सकाळपासून हातानं खणतोय. मी त्याच्या आईवरनं बोललो ते चुकलं. माफी मागतो.

मी फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं. आम्ही दोघंही बघत होतो तेवढ्यात माझ्या निरोपाखाली मतदान यंत्राचा एक व्हिडिओ येऊन पडला, त्याखाली 'पुरावा द्या', त्याखाली आणखी काय काय. पाच मिनिटांत माझी माफी वर सरकून दिसेनाशी झाली. कुणी एक अंगठासुद्धा दाखवला नाही.

"जाऊ दे," वीरभद्र म्हणाला आणि खड्ड्यातनं बाहेर आला.

जेसीबीला बारा मिनिटं लागली. मग कोनाडा आम्ही हातानं कोरला, मी आणि तो, टिकाव आणि पाटीनं. सुतळीनं पुन्हा मोजलं, नऊ भरली. अव्वाला आणलं, स्वामींनी मंत्र म्हणले, बेलाची पानं टाकली, माती दिली. मोजून अकरा पुरुष होतो. मी तिला पन्नास कबूल केले होते.

सगळे हातपाय धुवायला टाकीकडं गेले तेव्हा वीरभद्र तिथंच मुरमाच्या ढिगावर बसला होता. मी सुतळी त्याच्या हातात दिली, ती घरच्यांनी ठेवायची असते. तो गाठीवरनं अंगठा फिरवत राहिला.

"पहाटे पाचला तिला जरा घाबरल्यासारखं झालं," तो म्हणाला. "पाणी पाजलं. मग तुझं नाव काढलं तिनं. राजा लई दिवस आला न्हाय, बोलव म्हणाली. म्या फोन लावला. लागला न्हाय. तिला सांगितलं, फोन लागत न्हाय. तर म्हणाली, आरं मग जाऊन सांग की, दोन गल्ल्या तर हायत."

"मग?"

"न्हाय आलो म्या. तू ते लिहिलेलं डोक्यात होतं. तुझ्या दारात कोण जाईल म्हणलं."

मी सातला घरातनं निघालो होतो. पाच ते सात मी घरीच होतो. सहाला तर अंगणात उभा राहून गाडी धूत होतो, आणि त्या वेळी फोन माझ्या खिशात होता, एकदाही वाजला नव्हता.

"किती वेळा लावलास?" मी विचारलं.

"सातपर्यंत चारदा," तो म्हणाला. "ती दर खेपेला विचारत होती, लागला का म्हणून."

माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता. कुणीतरी जेसीबीचा फोटो टाकला होता आणि त्यावर आता एकशे बेचाळीस जणांना मत होतं. मी तो बाहेर काढला, वीरभद्रचा नंबर उघडला, ब्लॉक काढला आणि त्याच्या शेजारी मुरमावर बसलो. त्याचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता, शर्ट कुंपणावर टांगलेला. मी त्याला फोन लावला. कुंपणावर रिंग वाजायला लागली. आम्ही दोघंही उठलो नाही. ती पूर्ण वाजून बंद झाली.